पैशातलं कळणारा माणूस खासदार झाला तर ठेवीदाराचं भलं होतं का?

कृष्णाकाठ (सांगली)
मंडळी,
निवडणूक जवळ आली की गणपती पेठेतल्या चहाच्या गाड्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "एकदा पैशातलं कळणारा माणूस दिल्लीला पाठवून बघा." ऐकायला बरं वाटतं. म्हणून असं खरोखर झालं तेव्हा काय घडलं, हे बघायला एका माणसाची सगळी कारकीर्द वाचून काढली. माणूस अमेरिकेतला आहे, न्यू जर्सीचा जॉन कॉर्झाईन.

इलिनॉयमधल्या शेतकरी घरातला हा मुलगा. १९७५ ला गोल्डमन सॅक्स या न्यूयॉर्कच्या बड्या गुंतवणूक बँकेत रोख्यांच्या खरेदी-विक्रीत लागला आणि १९९४ ला थेट कंपनीचा प्रमुख झाला. ते साल कंपनीला फार वाईट गेलं होतं, भागीदार एकामागून एक सोडून चालले होते. त्याने घडी बसवली. १९९९ ला कंपनी शेअर बाजारात आली, पण तोवर आतल्या भांडणात याची खुर्ची गेली होती. पुढच्याच वर्षी सिनेटची (तिकडच्या संसदेचं वरिष्ठ सभागृह) निवडणूक लढवली. स्वतःच्या खिशातले सहा कोटी डॉलरहून जास्त खर्च केले आणि थोडक्यात जिंकला.

सिनेटमध्ये मात्र कामाचा निघाला. बँकिंग समितीवर होता. एन्रॉन बुडाल्यावर (आपल्या दाभोळवाली तीच) कंपन्यांच्या हिशेबांना लगाम घालणारा सार्बेन्स-ऑक्सले कायदा २००२ ला झाला, त्याच्या मसुद्यात याचा हात होता. इराक युद्धाच्या ठरावाविरुद्ध ज्या २३ सिनेटरांनी मत दिलं त्यात हा होता. २००६ ला राज्याचा गव्हर्नर झाला, २००९ ला हरला.

मग २०१० ला एमएफ ग्लोबल नावाच्या वायदे दलाली कंपनीचा प्रमुख म्हणून पुन्हा बाजारात. कंपनीतर्फे इटली, स्पेन वगैरे देशांच्या सरकारी रोख्यांवर ६.३ अब्ज डॉलरचा डाव लावला. ३१ ऑक्टोबर २०११ ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आणि मग कळलं की ग्राहकांचे म्हणून वेगळे ठेवलेले सुमारे १.६ अब्ज डॉलर जागेवर नाहीत. त्या ग्राहकांत मका, सोयाबीन, गहू पिकवणारे शेतकरी होते.

ज्याने दुसऱ्यांच्या हिशेबासाठी कायदा लिहिला त्याच्याच कंपनीत हे झालं. माझा प्रश्न सरळ आहे. बँकेतून, दलालीतून, फंडातून संसदेत गेलेल्या माणसाने तुमच्या-माझ्यासारख्या ठेवीदाराचं काही भलं होतं का? आपल्या सांगली-साताऱ्याच्या अनुभवावरून सांगा. पक्षाची भांडणं नकोत.

अजिंक्यतारा_७६ (सातारा)
विषय आवडला, पण उदाहरणाला अमेरिका कशाला? आपले चिंतामणराव देशमुख आहेत की. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ पासून. १९४४ च्या ब्रेटन वुड्सच्या जागतिक चलन परिषदेला हिंदुस्थानच्या बाजूने बसलेले. १९५० ला अर्थमंत्री, १९५२ ला कुलाबा जिल्ह्यातून (आताचा रायगड) लोकसभेवर. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली १९५५ ला, आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं १९५६ ला, दोन्ही त्यांच्या काळात. खेड्यापाड्यांत स्टेट बँकेच्या शाखा निघाल्या त्याचं मूळ तिथे आहे. आणि मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत म्हणून त्याच १९५६ ला मंत्रिपदावर लाथ मारून बाहेर पडले. याच्यापेक्षा मोठं उदाहरण कुठलं हवं?

आयर्विन_पूल (सांगली)
चिंतामणरावांबद्दल आदर आहेच, पण ते आयसीएस अधिकारी. सरकारी नोकरीतून वर आलेले. धागाकर्ते विचारताहेत ते नफ्यासाठी पैसा फिरवणाऱ्याबद्दल. तो माणूस पगाराच्या जोडीने बोनसवर जगतो, जोखीम घेण्याचेच त्याला पैसे मिळतात. दोघांची जडणघडण वेगळी.

अजिंक्यतारा_७६ (सातारा)
>> सरकारी नोकरीतून वर आलेले

म्हणूनच तर सांगतोय. चलन, बँका, परकीय कर्ज हे सगळं कोळून प्यालेला माणूस होता आणि तरी स्वतःचं दुकान नव्हतं. अर्थज्ञान पाहिजे तर असं. मी माझ्या मतावर ठाम आहे.

माणदेशी (दहिवडी)
म्या एवढंच म्हंतो, पैसा कळणारी मानसं लई असत्यात. पैसा कुणाचा हाय ह्ये ध्यानात ठेवणारा गावला तर सांगा, मत त्येला.

हळद_बेदाणा (तासगाव)
कॉर्झाईनचं प्रकरण मी त्या वेळी रोज वाचत होतो, कारण आमचा धंदाच वायद्याशी जोडलेला. ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं उलगडून लिहितो.

शेतकरी किंवा व्यापारी वायदा का करतो? माझ्याकडे गोदामात हळद पडून आहे. चार महिन्यांनी भाव काय असेल ते देव जाणे. म्हणून आजच्या भावाला वायद्यात विकून ठेवतो. भाव पडला तर मालात तोटा, वायद्यात फायदा. वाढला तर उलट. झोप शांत लागते. पण यासाठी दलालाकडे मार्जिनचे, म्हणजे सौद्याच्या हमीचे, पैसे भरावे लागतात. ते पैसे माझे असतात, दलालाचे नव्हे. त्याने ते वेगळ्या खात्यात ठेवायचे, स्वतःच्या व्यवहाराला हात लावायचा नाही. सगळा धंदा या एका नियमावर उभा आहे.

एमएफ ग्लोबलमध्ये शेवटच्या आठवड्यात कंपनीला चारी बाजूंनी पैसे मागायला लागले आणि ग्राहकांच्या खात्यातून पैसे बाहेर गेले. मार्केट यार्डातल्या मुनिमाने शेतकऱ्याच्या पट्टीचे पैसे शेठच्या देण्याला वळते करावेत, तसला प्रकार.

एक गोष्ट मात्र धाग्यात आली नाही ती सांगितली पाहिजे. ते युरोपातले रोखे बुडाले नाहीत. मुदत भरल्यावर त्यांचे पैसे पूर्ण मिळाले. म्हणजे याचा अंदाज बरोबर होता! पण मुदतीपर्यंत तग धरायला हातात रोकड नव्हती. भाव खाली गेला की मार्जिन वाढवून मागतात, तिथे कंपनी आडवी झाली. वायद्यात अंदाज बरोबर येऊनही माणूस देशोधडीला लागतो ते असं. आमच्याकडे यार्डात असे चांगले चांगले लोक बसलेत.

वाचनमात्र_होतो (कोरेगाव)
मग त्या शेतकऱ्यांचे पैसे मिळाले का शेवटी?

हळद_बेदाणा (तासगाव)
मिळाले, पूर्ण. पण अवसायकाचं (बुडालेली कंपनी गुंडाळून देणी भागवणाऱ्याचं) काम चालून शेवटचा हप्ता हातात पडायला २०१४ उजाडलं. मधले दोन हंगाम त्यांनी खत, बियाणं कशावर केलं असेल विचार करा. कॉर्झाईनवर फौजदारी खटला झाला नाही. २०१७ ला वायदे बाजाराच्या नियामकाने ५० लाख डॉलर दंड केला आणि त्या धंद्यात पुन्हा पाय ठेवायचा नाही अशी कायमची बंदी घातली.

अजून एक. दिवाळखोरीनंतर डिसेंबर २०११ ला त्याला साक्षीला बोलावलं ते प्रतिनिधिगृहाच्या कृषी समितीपुढे, कारण तिकडे वायदे बाजार हा कृषी समितीचा विषय. पाच वर्षं जो स्वतः तिकडच्या संसदेत बसून समित्यांतून प्रश्न विचारत होता तो समोरच्या खुर्चीत बसला, आणि पैसे कुठे गेले ते मला माहीत नाही असं सांगून आला. मला ते वाचून फार राग आला होता. आजही येतो.

निवृत्त_मुख्य_रोखपाल (कराड)
नमस्कार. मी एरवी नुसता वाचतो, पण कराडचा माणूस या धाग्यावर गप्प बसू शकत नाही.

१९९२ चा रोखे घोटाळा म्हटलं की लोकांना हर्षद मेहता आठवतो. आम्हाला बँक ऑफ कराड आठवते. आपल्या गावाच्या नावाची बँक देशभरच्या वर्तमानपत्रांत रोज छापून येत होती. त्या वेळी बँका आपसांत सरकारी रोखे विकत तेव्हा प्रत्यक्ष कागद देण्याऐवजी 'बँक रिसीट' देत. म्हणजे रोखे तुमचे झाले, कागद मागाहून देतो, अशी पावती. व्यवस्था सोयीसाठी होती. पण मागे रोखेच नसताना पावत्या निघू लागल्या, आणि तशा पावत्या देणाऱ्यांत आपली बँक सापडली. बँक अवसायनात गेली. पुढे बँक ऑफ इंडियाने ती ताब्यात घेतली.

संसदेने रामनिवास मिर्धा यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त समिती नेमली. आता धाग्याच्या प्रश्नाकडे येतो. अशा समितीवर बसलेल्या खासदाराला बँक रिसीट म्हणजे काय हे कळलं नाही तर समोरचा अधिकारी त्याला शब्दांत फिरवतो. मी चौकशी अधिकाऱ्यांपुढे फायली घेऊन उभा राहिलेला माणूस आहे. समोरच्याला विषय येत नसेल तर फाइल पाच मिनिटांत बंद होते, येत असेल तर दुपार जाते. म्हणून जाणकार खासदार पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण दुसरी गोष्टही लिहितो. ठेव विम्याची मर्यादा, म्हणजे बँक बुडाली तर ठेवीदाराला जास्तीत जास्त मिळणारी रक्कम, १९८० पासून ३०,००० रुपये होती. १९९३ ला ती १ लाख झाली. कशामुळे? रोखे घोटाळा झाला आणि बँक ऑफ कराड बुडाली, त्याच्या पाठोपाठ. कुणा तज्ज्ञाने आधी विचार करून ठेवला होता म्हणून नाही.

कोयनामाई (पाटण)
काका, तुमच्या पोस्टमधला शेवटचा परिच्छेद वाचून थांबले. त्याच्याही आधीचं बघा. ठेव विम्याचा कायदाच १९६१ चा, आणि तो आला १९६० ला केरळची पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्यावर. सहकारी बँकांना हे छत्र मिळायला १९६८ साल लागलं. १९९३ चं तुम्ही सांगितलंत. त्यानंतर १ लाखाची मर्यादा हलली २०२० ला, ५ लाख झाली, ती मुंबईची पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी) बँक अडचणीत आल्यावर. प्रत्येक वेळी आधी बँक बुडाली, मग कायदा हलला.

निवृत्त_मुख्य_रोखपाल (कराड)
बरोबर धागा पकडलात ताई. १९९३ ते २०२०, सत्तावीस वर्षं. एवढ्या काळात १ लाखाची किंमत काय उरली ते सांगायला नको.

गलाईवाला (विटा, सध्या कोइमतूर)
थोडं विषयाला सोडून होईल, पण लिहितो. आमचा सोन्याच्या गलाईचा, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करण्याचा, धंदा. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली पोरं भारतभर भट्ट्या लावून बसलीत. २०२४ च्या जुलैमधल्या अर्थसंकल्पात सोन्यावरची आयात ड्यूटी १५ टक्क्यांवरून एकदम ६ वर आणली. ग्राहकाला चांगलं झालं, चोरट्या सोन्याला आळा बसला, निर्णयाला माझा विरोध नाही. पण त्या दिवशी सकाळी ज्याच्या तिजोरीत स्वतःच्या पैशाचा माल होता त्याचं दुपारपर्यंत काय झालं हे फक्त त्यालाच माहीत. मोठ्या कंपनीचा माल वायद्यात झाकलेला असतो. गल्लीतल्या गलाईवाल्याचा उघडा असतो.

मोठ्या बँकेतून संसदेत गेलेल्या माणसाला पहिला प्रकार तोंडपाठ असणार. दुसरा त्याने बघितलेलाच नसतो. त्याला बघायला लावणारं कुणी पाहिजे. आमच्या धंद्यातला एकही माणूस अर्थविषयक समितीपुढे जाऊन बोलल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आयर्विन_पूल (सांगली)
सगळे एका कॉर्झाईनवरून सरसकट बोलताहेत असं वाटतं. आपल्याकडचं अलीकडचं उदाहरण घ्या. जयंत सिन्हा. आयआयटी दिल्ली, हार्वर्ड, मग मॅकिन्झीत भागीदार, पुढे ओमिद्यार नेटवर्कचं भारतातलं काम. २०१४ ला हजारीबागमधून लोकसभेवर. अर्थ राज्यमंत्री, मग नागरी विमान वाहतूक. पण मला त्यांचं महत्त्वाचं काम वाटतं ते २०१९ नंतरचं, मंत्रिपद नसताना अर्थविषयक स्थायी समितीचे अध्यक्ष म्हणून. ऑगस्ट २०२१ चा दिवाळखोरी कायद्यावरचा अहवाल वाचा. बँकांना काही प्रकरणांत थकलेल्या कर्जाच्या ९५ टक्क्यांपर्यंत रकमेवर पाणी सोडावं लागलं हे त्यात स्पष्ट लिहिलंय, आणि दिवाळखोरी व्यावसायिकांच्या कामावर कडक शेरे आहेत. सत्तेतल्या पक्षाच्या खासदाराने आपल्याच सरकारने आणलेल्या कायद्याचे दोष कागदावर उतरवले. हे विषय कळल्याशिवाय होत नाही.

आणि असे अहवाल कुणी वाचत नाही. टीव्हीवरची आरडाओरड सगळे बघतात.

सज्जनगडी (परळी खोरे)
>> जयंत सिन्हा

वडील यशवंत सिन्हा देशाचे अर्थमंत्री होते आणि हजारीबागचेच खासदार. त्यामुळे निव्वळ कर्तबगारीचं उदाहरण म्हणून हे धरता येणार नाही. खरी कसोटी मीरा संन्याल यांची. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या भारतातल्या प्रमुख होत्या. २००९ ला दक्षिण मुंबईतून अपक्ष, २०१४ ला आम आदमी पक्षाकडून. दोन्ही वेळा पडल्या. देशाच्या आर्थिक राजधानीत, जिथे प्रत्येक इमारतीत बँक आहे, तिथे मोठी बँक चालवलेली बाई निवडून येत नाही. वडिलांचा मतदारसंघ नसेल किंवा कॉर्झाईनसारखा खिसा नसेल तर असा माणूस दिल्लीला पोचणार कसा?

कोयनामाई (पाटण)
मीरा संन्याल २०१९ ला गेल्या. त्यांची मला फार हळहळ वाटते. राजकारणात पडलं की लोक आधीचं काम विसरतात.

बाई आणि बँक म्हटलं की मला मात्र म्हसवडची माणदेशी महिला बँक आधी आठवते. चेतना सिन्हा यांनी १९९७ ला काढली. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तक बायका अंगठा लावणाऱ्या. मग बायका स्वतः अधिकाऱ्यांपुढे गेल्या आणि म्हणाल्या, मुद्दल सांगा, व्याज तोंडी काढून दाखवतो, तुमच्या माणसांना यंत्राशिवाय काढू दे. परवाना मिळाला. संसदेत अर्थज्ञान पाठवायचं तर त्या बायकांपैकी एखादी का नको? आठवड्याच्या बाजारात दहा रुपयांचा हिशेब करणारीला व्याज, मुदत, जोखीम सगळं कळतं.

माणदेशी (दहिवडी)
ताई, ह्ये एकदम वळखीचं बोललात. आमच्या आईनं त्या बँकेत बाजाराच्या दिवशी पैसं टाकल्यात. बँकेचं मानूस बाजारात टोपलीपाशी येऊन पैसं न्यायचं.

यवतेश्वर_घाट (सातारा)
कॉर्झाईनबद्दल अजून एक ऐका. गव्हर्नर असताना २००७ ला त्याच्या सरकारी गाडीला भीषण अपघात झाला. गाडी ताशी ९१ मैलांनी चालली होती आणि साहेबांनी सीटबेल्ट लावला नव्हता. मांडी मोडली, बरगड्या मोडल्या, कसाबसा वाचला. बरा झाल्यावर त्याने आपल्या राज्याच्या कायद्याप्रमाणे दंड भरला आणि सीटबेल्ट लावा म्हणून स्वतः जाहिरात केली. खंबाटकीचा बोगदा ओलांडणाऱ्या समस्त पुढाऱ्यांना ती जाहिरात दाखवली पाहिजे :)

आयर्विन_पूल (सांगली)
हा हा, आणि आनेवाडी टोलनाक्याला पुन्हा एकदा!

ठेवीदाराचा_मुलगा (जि. सांगली)
सगळं वाचलं. माझ्या घरचं लिहितो. बँकेचं नाव लिहीत नाही.

वडील शिक्षक होते. निवृत्तीचे पैसे तालुक्याच्या गावातल्या एका सहकारी बँकेत मुदत ठेवीत ठेवले. अर्धा टक्का व्याज जास्त होतं आणि अध्यक्ष गावचेच. एक दिवस शटरवर कागद लागला, रिझर्व्ह बँकेचे कलम ३५अ खाली पैसे काढण्यावर निर्बंध. आत उभं राहायला जागा नव्हती. काउंटरवरची मुलगी आमच्या गल्लीतली, ती रडत होती, तिला तरी काय माहीत असणार. वडील हातात ठेव पावती घेऊन उभे, हिरव्या कागदाची, मागे वारसाचं नाव लिहिलेली. प्रत्येकाला दाखवत होते की बघा, सही-शिक्का आहे. जणू सही-शिक्का असला म्हणजे पैसे आहेत.

तेव्हा विमा १ लाखाचा होता आणि तोही बँक पूर्ण अवसायनात गेल्याशिवाय मिळत नव्हता. निर्बंध लागले की बँक जिवंत पण नाही, मेलेली पण नाही, आणि ठेवीदार मध्ये अडकून. वडिलांची अँजिओप्लास्टी त्याच काळात झाली. 'वैद्यकीय कारणासाठी' जास्त रक्कम काढायचा अर्ज केला, त्याला डॉक्टरांचं पत्र, बिलं, ओळखपत्रं, सगळं जोडलं. पैसे आले तोपर्यंत बहिणीचे दागिने गहाण पडले होते.

२०२१ ला कायदा बदलला. आता निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायची, बँक मरायची वाट बघायची नाही. ही एक दुरुस्ती. कुठलं मोठं अर्थशास्त्र नाही त्यात. शटरसमोर एकदा उभं राहिलेल्या कुठल्याही माणसाला सुचली असती. साठ वर्षं संसदेत वकील होते, उद्योगपती होते, बँकर होते, साखर कारखान्याचे अध्यक्ष होते. ती दुरुस्ती यायला साठ वर्षं लागली. वडील २०१८ ला गेले.

माझं उत्तर: जाणकार असो नसो, जो खासदार पाच वर्षांत एकदा तरी निर्बंध लागलेल्या बँकेच्या दारात जाऊन तासभर उभा राहिलाय त्याला माझं मत.

निवृत्त_मुख्य_रोखपाल (कराड)
बाळा, वाचून गलबललो. मी काउंटरच्या आतल्या बाजूचा माणूस. आत उभं राहणाऱ्याचीही झोप उडते, पण त्याचा पगार चालू असतो. तुमच्या वडिलांच्या पिढीचं सगळं आयुष्य त्या एका पावतीत असायचं.

वाचनमात्र_होतो (कोरेगाव)
माझाही अनुभव असाच, लिहवत नाही. फक्त +१.

अजिंक्यतारा_७६ (सातारा)
वरची पोस्ट वाचून मला यशवंतराव आठवले. देवराष्ट्र्याचे, वकील, बँकेशी संबंध नाही. १९७० ते १९७४ देशाचे अर्थमंत्री. बांगलादेशचं युद्ध, १९७२ चा दुष्काळ, १९७३ चं तेलसंकट, सगळं त्यांच्या अंगावर आलं. लहानपणी गरिबी सोसलेल्या माणसाला दुष्काळी माणसाचं दुःख समजावून सांगावं लागत नाही.

आयर्विन_पूल (सांगली)
>> बँकेशी संबंध नाही

पण हाताशी जाणकार अधिकारी होते आणि ते त्यांचं ऐकून घेत होते. ऐकून घेण्यासाठीही थोडं कळावं लागतं. मी तेवढ्यापुरता अजून तुमच्याशी सहमत नाही. भावना बरोबर असून विधेयकाचं कलम चुकीचं लिहिलं गेलं तर ठेवीदाराला न्यायालयात काही मिळत नाही. २०२१ ची दुरुस्ती सुचायला शटरसमोर उभं राहणं पुरलं असेल, पण ९० दिवसांचे टप्पे कसे पाडायचे, बँकेने ठेवीदारांची यादी कधी द्यायची, ठेव विमा महामंडळाने ती कधी तपासायची, हे कुणीतरी बसून लिहिलंय. त्याला दोन्ही कळत होतं.

सज्जनगडी (परळी खोरे)
आपल्याकडे उलटा प्रवास जास्त, हे कुणी बोललं नाही. बँकेतून विधिमंडळात जाणारे नव्हेत, तर आधी पुढारी आणि मग बँकेचे अध्यक्ष. जिल्हा बँकेच्या संचालकांची यादी आणि आमदारांची यादी शेजारी ठेवा. रिझर्व्ह बँकेने जून २०२१ ला सांगून टाकलं की नागरी सहकारी बँकेत खासदार, आमदार, नगरसेवक व्यवस्थापकीय संचालक किंवा पूर्णवेळ संचालक होऊ शकत नाहीत. चांगलं झालं. कर्ज मागणारा, कर्ज मंजूर करणारा आणि त्यावर कायदा करणारा एकाच पंगतीला बसले की वाढपी कुणाला आधी वाढणार?

हळद_बेदाणा (तासगाव)
त्यात एक भर. सगळे पुढारी-अध्यक्ष वाईट नव्हेत. आमच्याकडे द्राक्षबागा उभ्या राहिल्या, शीतगृहं झाली, बेदाण्याचा बाजार उभा राहिला, त्याला सहकारातलाच पैसा लागला. मोठ्या बँका तेव्हा शेतकऱ्याला दारात उभं करत नव्हत्या.

यवतेश्वर_घाट (सातारा)
खरंय. आणि खाजगीतल्या आपल्या दोन्ही बँका गेल्याच की. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न, १९३६ ची. सप्टेंबर २००६ ला तिच्यावर निर्बंध आले आणि महिन्याभरात आयडीबीआयमध्ये विलीन. ठेवीदाराचा पैसा शाबूत राहिला, पण साताऱ्यात मुख्यालय असलेली बँक गेली ती गेली.

आयर्विन_पूल (सांगली)
आणि आमची सांगली बँक, १९१६ ची. २००७ ला आयसीआयसीआयमध्ये. वीस वर्षं आमची होती तुमच्याआधी, एवढं मान्य करा :)

अजिंक्यतारा_७६ (सातारा)
मान्य. पेढे आमच्याकडून, भडंग तुमच्याकडून, हिशेब बरोबर.

कृष्णाकाठ (सांगली)
सगळ्यांचे आभार. धागा इतका चालेल असं वाटलं नव्हतं. ठेवीदाराचा_मुलगा, तुमची पोस्ट मी आईला वाचून दाखवली.

मला आता काय वाटतं ते लिहितो. कॉर्झाईनचं सिनेटमधलं काम खरं होतं आणि एमएफ ग्लोबलही खरं होतं. सिनेटमध्ये असताना त्याला दर सहा वर्षांनी लोकांपुढे जायचं होतं, समितीत बाकीचे सभासद होते, पत्रकार होते. कंपनीत परतल्यावर त्याला अडवणारं कुणी उरलं नाही. कंपनीच्या जोखीम अधिकाऱ्याने या रोख्यांबद्दल इशारे दिले होते, त्याच्या जागी दुसरा माणूस आला. म्हणून आयर्विन_पूल म्हणतात तसा जाणकार खासदार मला हवाच आहे. पण तो आमच्यापुढे उभा राहिला की त्याची पदवी विचारण्याआधी मी त्याला विचारणार, ५ लाखांची मर्यादा आता पुढची बँक बुडेपर्यंत तिथेच राहणार का? महागाईप्रमाणे ती आपोआप वाढावी असं कलम तू मांडशील का? आणि पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही, आमच्या जिल्ह्यात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, त्या लोकांचं काय?

पुढच्या वेळी सभेला येईल त्या प्रत्येक उमेदवाराला हे तीन प्रश्न लेखी द्यायचे, असं आमच्या टपरीवर ठरलंय. सातारकरांनी तिकडे द्यावेत.

कोयनामाई (पाटण)
पाटणमध्ये मी देते. महिला बचत गटांच्या सह्या घेऊन.

गलाईवाला (विटा, सध्या कोइमतूर)
काका, एक शंका. माझी त्याच बँकेच्या विटा आणि सांगली अशा दोन शाखांत खाती आहेत. विमा दोन्हीला वेगवेगळा ना?

निवृत्त_मुख्य_रोखपाल (कराड)
नाही. एका बँकेच्या सगळ्या शाखा मिळून एका माणसाला ५ लाख, मुद्दल आणि व्याज धरून. शाखा बदलून उपयोग नाही, बँक बदलावी लागेल. पत्नीसोबतचं संयुक्त खातं वेगळं धरतात. आणि वारस नोंद (नॉमिनी) बघून घ्या. २०२५ च्या दुरुस्तीने आता एका खात्याला चार वारस लावता येतात. पावतीवर नाव आहे की नाही ते शाखेत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, फोनवर विचारू नका.